अशेरा खरोखर परकी होती का?

बायबलविषयक व्याख्यानांतून, चर्चांतून आणि मोबाइलवर एकमेकांना पाठवल्या जाणाऱ्या मजकुरांतून एक विधान सतत फिरत असते. त्याचा आशय असा: इस्राएली लोक अब्राहामाच्या काळापासून एकाच देवाला मानत होते आणि कनानी, म्हणजे त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्या, लोकांशी त्यांचे कोणतेही नाते नव्हते, बआल, अशेरा ही शेजाऱ्यांची, परकी दैवते होती, शलमोनाच्या विदेशी राण्या आणि सीदोनची राजकन्या ईजबेल यांनी ती इस्राएलात आणली, लोक अधूनमधून मोहात पडले, पण एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर त्या प्रकाराचा निकाल लावला, याविरुद्ध सांगणारे काहीही उत्खननात सापडलेले नाही, आणि बाबेलच्या बंदिवासानंतर तर हा प्रश्नच उरला नाही.

हे विधान बहुधा श्रद्धेपोटी केले जाते आणि माझा आक्षेप श्रद्धेला नाही. देव एकच आहे असे मानणे हा श्रद्धेचा विषय आहे. कुदळ-फावड्याने तो सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. आक्षेप आहे तो ‘आरंभापासून हे असेच होते’ या ऐतिहासिक दाव्याला, कारण तो जमिनीतून निघालेल्या पुराव्याशी जुळत नाही आणि खुद्द बायबलच्या मजकुराशीही जुळत नाही. म्हणून पुढे मी शक्य तेथे बायबलचाच आधार घेतला आहे आणि उत्खननातील पुरावा त्याच्या शेजारी ठेवला आहे.

आधी नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मूळ हिब्रूतील ‘याहवे’ या नावाच्या जागी मराठी बायबलमध्ये ‘परमेश्वर’ हा शब्द येतो, आणि ‘एल’ किंवा ‘एलोहीम’ यांच्या जागी बहुधा ‘देव’ हा शब्द येतो. मराठी वाचकाला हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. त्यामुळे मूळ मजकुरात दोन वेगळ्या नावांचा जो इतिहास आहे, तो भाषांतरात पुसला जातो, आणि वरील विधान इतक्या सहजपणे पटण्याचे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते.

आता त्या विधानातील पहिला मुद्दा: इस्राएली आणि कनानी हे मुळातच वेगळे लोक होते, हा. बायबलबाहेर इस्राएल हे नाव प्रथम आढळते ते इजिप्तचा राजा मेर्नेप्ता याच्या शिलालेखात. इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा हा लेख १८९६ मध्ये थीब्झ येथे सापडला. त्यात कनानमधील शहरांच्या नावांना प्रदेशवाचक चिन्ह जोडलेले आहे, तर इस्राएलच्या नावाला लोकसमूहाचे चिन्ह आहे. त्याच सुमारास कनानच्या मध्यवर्ती डोंगराळ भागात, जेथे पूर्वी वस्ती विरळ होती तेथे, दोनशेहून अधिक लहान गावे उभी राहिली. १९६७ नंतर झालेल्या पाहण्यांतून ही गावे उजेडात आली. तेथील मडक्यांचे घाट सखल भागातील कनानी परंपरेतूनच उतरलेले आहेत. डुकराची हाडे मात्र तेथे फारच कमी मिळतात, म्हणजे आपण वेगळे आहोत ही जाणीव आकार घेत होती. पण ती कनानच्या मातीतच आकार घेत होती. एखादा लहान समूह इजिप्तमधून आला असेल ही शक्यता यामुळे नाकारली जात नाही. नाकारले जाते ते एवढेच, की सगळे इस्राएली लोक पूर्ण घडलेला धर्म बरोबर घेऊन बाहेरून आले.

भाषेची साक्ष तर याहून स्पष्ट आहे. हिब्रू ही फिनिकी आणि मोआबी यांची सख्खी बहीण आहे, आणि यशया १९:१८ मध्ये तिला सरळ ‘कनानची भाषा’ म्हटले आहे. यहेज्केल संदेष्टा यरुशलेमला उद्देशून काय म्हणतो तेही पाहावे: तुझे मूळ कनान देशातले, तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती (१६:३). त्याचे हे बोल रागाचे आहेत. पण लोकांना मुळीच न पटणारा आरोप संदेष्टा त्यांच्या तोंडावर करीत नाही.

दुसरा मुद्दा असा की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव आरंभापासून याहवे याच नावाने पूजला जात होता. याला उत्तर निर्गम ६:३ मध्येच आहे. तेथे देव मोशेला सांगतो की त्या पूर्वजांना मी ‘एल शद्दाय’ म्हणून दर्शन दिले, पण याहवे या नावाने मी त्यांना प्रकट झालो नव्हतो. ‘इस्राएल’ या नावात जो ‘एल’ आहे, तोच शखेम येथे याकोबाने बांधलेल्या वेदीच्या नावात आहे: ‘एल, इस्राएलाचा देव’ (उत्पत्ती ३३:२०). हा एल कोण? १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला एक जुने थडगे लागले, पुढच्या वर्षी तेथे उत्खनन सुरू झाले आणि उगारित हे शहर सापडले. इ.स.पू. बाराव्या शतकाच्या आरंभी उद्ध्वस्त झालेल्या या शहरातील मातीच्या पाट्यांवर देवकुलाच्या कथा आहेत. त्यांत एल हा वृद्ध, दयाळू, देवांच्या सभेचा प्रमुख आहे. अथिरात, म्हणजेच हिब्रूतील अशेरा, ही त्याची पत्नी. बआल हा ढगांवर आरूढ होणारा पर्जन्यदेव. आणि लितान नावाचा वळसे घेणारा सर्प त्याच्या हातून मारला जातो. उगारित म्हणजे काटेकोर अर्थाने कनान नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. तरीही ही भाषा बायबलच्या वाचकाला अनोळखी राहत नाही. स्तोत्र ८२ मध्ये देव एलच्या सभेत उभा राहून इतर देवांचा न्याय करतो. स्तोत्र ६८ मध्ये मेघांवर आरूढ होणारा तो याहवे आहे. यशया २७:१ मध्ये लिव्याथान हा पळणारा, वळसे घेणारा सर्प याहवेच्या तलवारीने मरतो, आणि तेथील विशेषणेसुद्धा उगारितच्या पाटीवरचीच आहेत.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातले ३२:८-९ हे वचन या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. परात्पराने राष्ट्रांना त्यांचे वतन वाटून दिले तेव्हा त्यांच्या सीमा ‘इस्राएलाच्या पुत्रांच्या’ संख्येनुसार ठरवल्या, असा परंपरागत हिब्रू पाठ आहे. पण मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांतील एका प्रतीत तेथे ‘देवपुत्रांच्या’ असा पाठ आहे आणि प्राचीन ग्रीक भाषांतरही त्याच बाजूचे आहे. या जुन्या पाठानुसार प्रत्येक राष्ट्र एकेका देवपुत्राच्या वाट्याला येते आणि याकोब याहवेच्या वाट्याला येतो. नंतरच्या एखाद्या लेखनिकाला हा विचार सहन झाला नसावा आणि त्याने एक शब्द बदलला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. धर्म बदलत असताना त्याचा ग्रंथ कसा बदलतो, हे एवढ्या जवळून दाखवणारी जागा क्वचितच मिळते.

याहवे मात्र उगारितच्या देवकुलात नाही. बायबलमधील काही अतिप्राचीन काव्ये त्याला दक्षिणेकडून, सेईर, पारान आणि तेमान येथून येताना दाखवतात (अनुवाद ३३:२, शास्ते ५:४, हबक्कूक ३:३). तिसरा आमेनहोतेप या इजिप्शियन राजाच्या काळातील, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या शतकातील, सोलेब येथील मंदिरात ‘यहव येथील शासू’ अशी एका भटक्या समूहाच्या भूमीची नोंद आहे. यावरून याहवेची उपासना दक्षिणेच्या वाळवंटी भागातून डोंगराळ प्रदेशात आली असावी, असा तर्क केला जातो. तो बरोबर असेल, तर ‘घरचा’ आणि ‘परका’ ही वाटणी उलटीच होते: एल आणि अशेरा हे त्या भूमीचे जुने रहिवासी ठरतात आणि बाहेरून आला तो याहवे.

बआलाच्या बाबतीत गैरसमज आणखी सखोल आहे, कारण तो एका शब्दाच्या अर्थातून निर्माण झाला आहे. ‘बआल’ म्हणजे मालक, स्वामी आणि नवरासुद्धा. मराठीतील ‘धनी’ हा शब्द त्याचे जवळजवळ अचूक भाषांतर आहे: शेताचा धनी, घराचा धनी, बाईचा धनी. अशा शब्दाने स्वतःच्या देवाला हाक मारणे स्वाभाविक होते आणि इस्राएली लोक तसे करीत होते. दावीदाच्या साथीदारांत एकाचे नाव ‘बआल्या’ आहे (१ इतिहास १२:५), आणि त्याचा अर्थच ‘याहवे हा धनी’ असा आहे. शौलाच्या एका मुलाचे नाव १ इतिहास ८:३३ मध्ये ‘एश्बाल’, म्हणजे बआलाचा माणूस, असे येते. तोच मुलगा २ शमुवेलमध्ये ‘ईश्बोशेथ’ होतो, आणि ‘बोशेथ’ म्हणजे लाज. योनाथानाचा मुलगा ‘मरीब्बाल’ तसाच ‘मफीबोशेथ’ होतो, तर दावीदाचा मुलगा ‘बेल्यादा’ दुसरीकडे ‘एल्यादा’ होतो. शौल आणि दावीद हे काही ईजबेलच्या वशिल्याने बआलाला भजणारे राजे नव्हते; ते तिच्या जवळपास दीडशे वर्षे आधीचे आहेत. त्यांच्या घरात ही नावे निःसंकोच ठेवली जात होती आणि पुढे कोणाला तरी त्यांची लाज वाटू लागली, असा याचा सरळ अर्थ आहे. खिर्बेत कैयाफा येथे इ.स.पू. १००० च्या सुमाराच्या एका रांजणावर ‘एश्बाल बेन बेदा’ हे नाव कोरलेले सापडले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तो मनुष्य शौलाचा मुलगा नव्हे. पण ते नाव त्या काळी लोकांत खरोखर रुळलेले होते, एवढे त्यातून निश्चित होते.

१९१० मध्ये शोमरोन येथे, म्हणजे उत्तरेकडील इस्राएल राज्याच्या राजधानीत, सापडलेल्या, तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदी असलेल्या इ.स.पू. आठव्या शतकातील खापरांवरही याहवेची आणि बआलाची नावे धारण करणारी माणसे शेजारी शेजारी आहेत. त्याच शतकातला होशेय संदेष्टा म्हणतो की एक दिवस येईल, तेव्हा तू मला ‘माझा पती’ म्हणशील, ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस (२:१६). लोक याहवेलाच बआल म्हणत होते म्हणूनच हे सांगण्याची वेळ आली. येथे दोन देवांमधली लढाई जेवढी आहे, तेवढीच एका देवाला कोणत्या नावाने हाक मारावी याची लढाईही आहे, आणि ती घरातली आहे.

दुसरी बाजू लपवणे योग्य होणार नाही. दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यातील मुद्रा आणि पत्रे पाहिली, तर देवाचे नाव धारण करणाऱ्या व्यक्तिनामांत याहवेची नावे प्रचंड बहुसंख्य आहेत. याहवे हा त्या राज्याचा मुख्य देव होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न तो एकटाच होता का, हा आहे.

आणि येथे अशेरा येते. ‘उत्खननात काहीही सापडलेले नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कुंतिलेत अजरूद हे नाव ऐकलेले नसावे. सीनायच्या ईशान्य भागातील या एकाकी ठाण्यावर १९७५-७६ मध्ये उत्खनन झाले. इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या दोन मोठ्या रांजणांवर तेथे शाईने लिहिलेले आशीर्वाद सापडले. एकावर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद आहे, तर दुसऱ्यावर ‘तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने. त्याआधी १९६७ मध्ये हेब्रोनजवळील खिर्बेत एल-कोम येथे एका थडग्यातला इ.स.पू. आठव्या शतकातील लेख सापडला होता; त्यात उरीयाहू नावाच्या माणसासाठी याहवेचा आशीर्वाद मागितला आहे आणि तेथेही ‘त्याची अशेरा’ हे शब्द आहेत. एक ठिकाण वाळवंटातील वाटेवरचे, दुसरे यहूदाच्या गावातले. एकाचा संबंध उत्तरेच्या राज्याशी, दुसऱ्याचा दक्षिणेच्या. हा एखाद्या भरकटलेल्या माणसाचा उद्योग नव्हता.

या वाक्यांचा अर्थ लावताना घाई मात्र करू नये. हिब्रूत व्यक्तीच्या नावाला ‘त्याची’ असा प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून येथे ‘अशेरा’ म्हणजे देवी नसून तिचे प्रतीक असलेला लाकडी खांब असावा, असे अनेक विद्वान म्हणतात. हा आक्षेप व्याकरणदृष्ट्या भक्कम आहे. पण तो मान्य केला तरी निष्पन्न काय होते? तो खांब याहवेच्या उपासनेचा भाग होता, त्याच्या नावाने आशीर्वाद मागितला जात होता, आणि त्याचे नाव एलच्या पत्नीचे होते. अनुवाद १६:२१ मध्ये ‘तू परमेश्वरासाठी बांधशील त्या वेदीजवळ अशेरा रोवू नकोस’ अशी आज्ञा आहे. लोक तो खांब नेमका कोठे रोवत होते, हे या मनाईनेच सांगून टाकले आहे: बआलाच्या मंदिरात नव्हे, याहवेच्या वेदीशेजारी.

यरुशलेमच्या मंदिरातही हेच चित्र दिसते. इ.स.पू. ६२२ मध्ये योशीया राजाने मंदिर शुद्ध केले, तेव्हा आतून काय काय बाहेर निघाले याची यादी २ राजे २३ मध्ये आहे: बआल, अशेरा आणि आकाशातील तारागण यांच्यासाठी केलेली पात्रे, खुद्द अशेरेची मूर्ती, सूर्याला वाहिलेले घोडे आणि रथ, आणि मंदिराच्या आवारातील त्या खोल्या, जेथे स्त्रिया अशेरेसाठी वस्त्रे विणीत असत. विणकरी स्त्रियांना मंदिरात जागा नेमून दिलेली आहे, म्हणजे ही चोरून केलेली पूजा नव्हे. तिला व्यवस्था आहे, कामाची वाटणी आहे, आणि ती पुजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. त्याच्या शंभर वर्षे आधी हिज्कीया राजाने मंदिरातील पितळी सर्पाचे तुकडे केले होते. इस्राएली लोक त्याला धूप दाखवत असत, आणि तो सर्प कोणा शेजाऱ्याने दिलेला नव्हता. तो मोशेने घडवला असे तेच वचन सांगते (२ राजे १८:४).

यरुशलेमबाहेरही मंदिरे होती. अरादच्या किल्ल्यात याहवेचे मानले जाणारे एक मंदिर होते. त्याच्या गाभाऱ्याच्या तोंडाशी धुपाच्या दोन वेद्या आणि आत उभा दगड होता. २०१२ मध्ये यरुशलेमपासून अगदी जवळ मोत्झा येथे आणखी एक मंदिर सापडले. यहूदातील घराघरांत मिळालेल्या, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातील स्त्रीरूपी मातीच्या मूर्तींची संख्या शेकड्यांत आहे, आणि त्यांतील फार मोठा वाटा यरुशलेममधला आहे. त्या अशेरेच्याच आहेत की घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या अन्य काही आहेत, यावर एकमत नाही. त्या होत्या आणि राजधानीतील सामान्य घरांत होत्या, यावर मात्र वाद नाही.

आता विदेशी राण्यांकडे वळू, कारण दोष बायकांच्या माथी मारण्याची ही सवय मला सर्वांत जास्त खटकते. शलमोनाने मोआबच्या कमोशासाठी, अम्मोनच्या मिलकोमासाठी आणि सीदोनच्या अष्टोरेथसाठी उच्चस्थाने, म्हणजे उंचावरची पूजास्थळे, बांधली, हे १ राजे ११ सांगते. ईजबेलने सीदोनच्या बआलाला राजाश्रय मिळवून दिला, हेही खरे. परंतु योशीयाने शलमोनाची ती उच्चस्थाने भ्रष्ट केली, तेव्हा ती बांधून सुमारे तीनशे वर्षे झाली होती. यरुशलेमच्या समोरच्या डोंगरावर ती उभी होती आणि तेवढ्या काळात कितीतरी राजे होऊन गेले. ज्या राण्यांसाठी ती बांधली, त्यांच्या नातवंडांच्याही हाडांची माती झाल्यावर ती कोण वापरत होते?

आसा राजाच्या घरातील माका हिने अशेरेसाठी मूर्ती करवली, म्हणून राजाने तिचा राजमातेचा मान काढून घेतला (१ राजे १५:१३). ही माका परदेशी नव्हती. ती अबीशालोमाच्या घराण्यातली होती. मनश्शे राजाने मंदिरात अशेरेची मूर्ती ठेवली, पण त्याच्याही कथेत कोणती विदेशी राणी नाही. त्याची आई हेफसीबा होती, आणि ते शुद्ध हिब्रू नाव आहे. ईजबेलचा नवरा अहाब राजा याच्या मुलांची नावे तर सर्वांसमोर आहेत: अहज्या, योराम, अथल्या. तिन्ही नावांत याहवे आहे. ज्या राजाने बायकोच्या नादाने याहवेला सोडले असे सांगितले जाते, त्याने आपल्या या तिन्ही मुलांना याहवेचे नाव दिले आणि त्याच्या वाड्याचा कारभारी ओबद्या, म्हणजे याहवेचा सेवक, होता. अहाबाला याहवेला हाकलून द्यायचे नव्हते; त्याला दोन्ही हवे होते.

शेजाऱ्यांचा खराखुरा प्रभाव जेथे आहे, तेथे तो मान्य केलाच पाहिजे. यहेज्केल आठव्या अध्यायात मंदिराच्या उत्तरेकडील दारापाशी बसून तम्मूजसाठी रडणाऱ्या स्त्रियांचे वर्णन करतो. तम्मूज हा मेसोपोटेमियाचा देव आहे आणि अश्शूर-बाबेलच्या वर्चस्वाच्या काळात त्याचा शोकविधी येथवर पोहोचला. आकाशराणी या देवीसाठी भाजल्या जाणाऱ्या पोळ्यांना यिर्मयाच्या ग्रंथात जो शब्द आहे, तो अक्कादी भाषेतून आलेला आहे. अशा गोष्टी आयात झाल्या. पण त्यांच्या आडून एल, बआल आणि अशेरा यांनाही आयात ठरवणे म्हणजे पाहुण्यांच्या यादीत घरच्या माणसांची नावे घालण्यासारखे आहे.

कर्मेलच्या मुद्द्याला फार जागा लागणार नाही. १ राजे १८ मध्ये बआलाचे ४५० आणि अशेरेचे ४०० संदेष्टे बोलावले जातात. वेदीवर कोणाचा देव अग्नी पाठवतो, ही स्पर्धा होते ती बआलाच्या संदेष्ट्यांशी आणि शेवटी मारले जातात तेही तेच. अशेरेच्या चारशे जणांचे काय झाले, याविषयी कथा एक शब्द बोलत नाही. पुढे राजा झालेल्या येहूने इ.स.पू. ८४१ च्या सुमारास अहाबाचे घराणे कापून काढले आणि शोमरोनमधील बआलाचे मंदिर पाडून तेथे शौचकूप केला. त्याचा मुलगा राज्यावर असताना ग्रंथकार लिहितो की शोमरोनात अशेराही तशीच उभी होती (२ राजे १३:६). बआलाविरुद्ध एवढा रक्तपात करणाऱ्या, याहवेविषयीच्या आवेशाची बढाई मिरवणाऱ्या येहूने तिला हात लावला नाही. ती त्याला परकी वाटत असती, तर तो थांबला असता का?

एलीयाविषयी आदर बाळगणारे मराठी वाचक केवळ ख्रिस्ती नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्याला शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, आजही एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतो, आणि अलिबागजवळील खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण दाखवली जाते. या भक्तीला वरील विवेचनाने काहीही उणेपणा येत नाही. उलट, आपल्याच राजाच्या आणि आपल्याच लोकांच्या विरोधात एकट्याने उभा राहिलेला एलीया हा परक्यांना हुसकावणाऱ्या एलीयाहून फार मोठा आहे.

‘पहिली आज्ञाच एकेश्वरवाद सांगते’ असे पुष्कळदा उत्तर मिळते. पण आज्ञेचे शब्द नीट वाचावेत: माझ्यासमोर तुला अन्य देव नसावेत. अन्य देव अस्तित्वातच नाहीत असे ती म्हणत नाही. तुझे त्यांच्याशी काही देणेघेणे नसावे, असे म्हणते. शास्ते ११:२४ मध्ये इस्राएली सरदार इफ्ताह शत्रूला सांगतो की तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू घे, आमचा याहवे देईल ते आम्ही घेऊ. २ राजे ३:२७ मध्ये मोआबचा राजा तटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी देतो, इस्राएलावर मोठा कोप होतो आणि त्यांचे सैन्य माघारी फिरते. तो कोप कोणाचा, हे ग्रंथकार सांगत नाही. त्याच मोआबी राजाचा, मेशाचा, शिलालेख १८६८ मध्ये दिबोन येथे सापडला. कमोश आपल्या देशावर रागावला म्हणून इस्राएलने आम्हाला दडपले, मग कमोशाने सांगितले म्हणून मी इस्राएलच्या ताब्यातले नबो हे नगर जिंकले आणि तेथील याहवेची पात्रे कमोशापुढे ओढत आणली, असे तो लिहितो. नाव बदलले तर हा मजकूर राजांच्या ग्रंथांत सहज खपून जाईल, इतकी दोन्ही शेजाऱ्यांची धर्मभाषा एक होती. ‘मीच आहे, माझ्याशिवाय दुसरा देव नाही’ हे निःसंदिग्ध शब्द येतात ते यशयाच्या उत्तरार्धात, पंचेचाळिसाव्या अध्यायात, जेथे पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) याचे नाव घेतलेले आहे; म्हणजे इ.स.पू. ५४० च्या सुमारास.

हीच तारीख दुसऱ्या टोकाच्या दाव्यालाही उत्तर देते. इस्राएली लोकांनी एकेश्वरवाद इजिप्तच्या अखेनातेनकडून उचलला, असेही अनेक जण लिहितात. अखेनातेनचे राज्य इ.स.पू. १३५३ ते १३३६ च्या सुमाराचे. त्याचा सूर्यपंथ त्याच्या मृत्यूनंतर पुसून टाकण्यात आला, आणि इस्राएलातील स्पष्ट एकेश्वरवाद त्यानंतर आठशे वर्षांनी दिसतो. मधल्या आठ शतकांत इस्राएलातच जो वाद चाललेला दिसतो, तो उसन्या विचाराचा नाही.

शेवटचा मुद्दा बंदिवासाचा. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम बाबेलच्या हाती पडले, पुष्कळांना बाबेलला बंदिवासात नेले गेले आणि काही लोक यिर्मया संदेष्ट्याला घेऊन इजिप्तमध्ये गेले. तेथे त्याने त्यांना आकाशराणीची पूजा सोडण्यास सांगितले. त्यांचे उत्तर चव्वेचाळिसाव्या अध्यायात जपून ठेवलेले आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला गेला त्यांचाच आवाज त्यात एवढा स्वच्छ उमटावा, हे मला फार मोलाचे वाटते. ते म्हणतात: आम्ही, आमचे पूर्वज, आमचे राजे आणि सरदार यहूदाच्या नगरांत आणि यरुशलेमच्या रस्त्यांवर हेच करीत होतो, तेव्हा पोटभर अन्न होते, सुखात होतो, कोणतेही अरिष्ट पाहिले नव्हते, आकाशराणीला धूप दाखवणे सोडले तेव्हापासून सगळ्याची वाण पडली. स्त्रिया पुढे विचारतात: तिच्यासाठी पोळ्या केल्या त्या काय आमच्या नवऱ्यांना न सांगता केल्या? सातव्या अध्यायात यिर्मयानेच या पूजेचे चित्र काढले आहे: मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. सगळे घर कामाला लागलेले आहे. या माणसांना आपण कोणा शेजाऱ्याचा देव पळवून आणला आहे असे मुळीच वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने नवे काही सांगत असेल, तर तो यिर्मया.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनीही नाईल नदीतील येब बेटावरच्या यहूदी शिबंदीची पपायरसवरील कागदपत्रे हेच दाखवतात. तेथे याहूचे, म्हणजे याहवेचे, मंदिर होते आणि पर्शियाचा राजा कंबुजीया याने इजिप्त जिंकले तेव्हा ते आधीपासूनच उभे होते, असे हे लोक सांगतात. इ.स.पू. ४०० च्या सुमाराच्या एका यादीत देणग्यांची बेरीज चांदीच्या वजनांत, म्हणजे कर्श आणि शेकेल यांत, आहे: याहूसाठी १२ कर्श ६ शेकेल, अनात-बेथेलसाठी १२ कर्श, एशेम-बेथेलसाठी ७ कर्श. अनात ही उगारितच्या कथांतील बआलाची बहीण. यादीच्या मथळ्यात मात्र ही देणगी याहू देवाला दिली असे म्हटले आहे, आणि ती देणारे स्वतःला यहूदीच म्हणवतात.

इ.स.पू. ४१० मध्ये हे मंदिर स्थानिक इजिप्शियन पुजाऱ्यांच्या चिथावणीने उद्ध्वस्त झाले. येबच्या लोकांनी यरुशलेमच्या मुख्य याजकाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग ४०७ मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला लिहिले आणि आपण शोमरोनच्या सुभेदाराच्या मुलांनाही कळवले आहे, असे त्यात नमूद केले. आपण कोणत्याही निषिद्ध मार्गाला लागलो आहोत, याची पुसटशी शंकाही त्या पत्रात नाही. उपास, गोणपाट, शोक आणि याहूच्या वेदीची आठवण, एवढेच आहे. अखेर परवानगीचे टिपण आले. मंदिर पूर्वीच्या जागी बांधावे आणि त्याच्या वेदीवर पूर्वीप्रमाणे अन्नार्पण आणि धूप अर्पण करावा, असे त्यात म्हटले आहे. येबच्या पत्रात होमबलीचीही मागणी होती. त्याचा उल्लेख त्या टिपणात नाही.